डाव्या बाजूचं बटण

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार

फिजिओथेरपीच्या तेजल मॅडमनी सांगितलंय, रोज पाच ओळी लिहायच्या, डाव्या हाताने. काय लिहू विचारलं तर म्हणाल्या, मनात येईल ते. मनात येतं ते लिहिलं तर मॅडम पुन्हा या घराची पायरी चढणार नाहीत. हे अक्षर माझं नाही. माझं अक्षर चांगलं होतं. पाच ओळी झाल्या.

२ फेब्रुवारी, रविवार

आज पाचपेक्षा जास्त लिहितो, बघू कोण अडवतं.

मी राजाराम. चारकोपला सेक्टरातल्या बैठ्या चाळीत राहतो. पंचवीस वर्षं रिक्षा चालवतो. 'चालवत होतो' असं मी लिहिणार नाही. दिवाळी संपून चार दिवस झाले होते, सकाळी दात घासताना ब्रश हातातून पडला आणि तो उचलायला हात गेलाच नाही. उजवी बाजू गेली. पाय परत आला, काठी लागते. हात येतोय. डॉक्टर म्हणतात हळूहळू, मी म्हणतो लवकर.

तेव्हापासून गाडी दारात ताडपत्रीखाली उभी आहे. तिचं फिटनेस सर्टिफिकेट या महिन्यात संपतं. २७ तारखेला आरटीओत पासिंगची वेळ मिळालीय. ती चुकली की गाडी रस्त्यावर काढता येत नाही, आणि उभी गाडी जितकी उभी राहते तितकी मरते. बायकोला, म्हणजे शकुला, सांगितलं की पासिंगला गाडी मी स्वतः नेणार. ती भाकरी उलटत राहिली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

ताडपत्री काढली. धोंडिराम आला होता मदतीला. आमच्या स्टँडवरचा सगळ्यात जुना माणूस, मूळचा कणकवलीकडचा, तोंडाने फाटका पण मनाने नाही. बॅटरी चार्ज करून आणली, इंजिन तिसऱ्या झटक्याला उठलं.

हॉर्न ठीक, लाइट ठीक, ब्रेक ठीक. वायपर मेला. मोटर चांगली आहे, बॅटरीची वायर थेट लावली तर फिरते. बटण जळलंय. हँडलच्या उजवीकडे असतं ते, आतून वितळून गोळा झालाय.

धोंडिराम म्हणाला, "फेब्रुवारीत वायपर कित्याक व्हयो तुका? पाऊस खंय हा?"

"पासिंगला बघतात. साहेब म्हणतो वायपर लाव, तर लावावा लागतो."

"मगे नवीन बटण आणून बसव थयसरच."

"तिथे नाही. डावीकडे बसवणार."

तो माझ्या हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "वायपर डाव्या हातान लावशीत. रेस खंयच्या हातान देतलंस?"

रिक्षाची रेस उजव्या मुठीत असते, सगळ्या जगाला माहीत आहे. मी म्हटलं, ते माझं मी बघेन, तू तुझा चहा पी. त्याने प्यायला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

शकु सध्या रोज पहाटे विलेपार्ल्याला जाते, थोरल्या बहिणीकडे. बहिणीचे गुडघे गेलेत म्हणे. नऊपर्यंत परत येते. आज आली तर चपलेला शेण. पार्ल्यात शेण कुठून आलं विचारलं, तर म्हणाली, "गाय आडवी आली." बरं.

दुपारी धोंडिराम आला. त्याच्या गाडीच्या पुढच्या मडगार्डला पोचा पडलाय. पंचवीस वर्षांत या माणसाने गाडीला ओरखडा पडू दिला नाही. कसं झालं विचारलं तर डोकं खाजवत म्हणाला, "गाय आडवी इली."

मुंबईत गायी फार झाल्यात.

८ फेब्रुवारी, शनिवार

बटण आणायला गेलो. काठी टेकत, इंडस्ट्रियल इस्टेटच्या कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टच्या दुकानापर्यंत. येऊन जाऊन पाऊण तास. पूर्वी चालत सात मिनिटं. वाटेत दोघांनी विचारलं, सोडू का. मी म्हटलं, नको, फिरायला निघालोय.

दुकानदार म्हणाला, "काका, कुठलं देऊ? दोन पिनचं की तीन पिनचं?"

मी म्हटलं, "साधं दे रे. चालू-बंद. मला काय शिकवतोस, तू शाळेत होतास तेव्हापासून वायरिंग करतोय मी."

दोन पिनचं घेऊन आलो.

९ फेब्रुवारी, रविवार

काम केलं. आठवणीसाठी लिहून ठेवतो, एका हाताने वायरिंग कसं करायचं.

वायर दातात धरायची, साल डाव्या हातातल्या ब्लेडने काढायची. शकु ओरडली, दात पडतील. म्हटलं, पडू देत, ते तरी दोन्हीकडचे सारखे पडतील. पक्कड पायाच्या अंगठ्यात. उजवा हात वायरीवर ठेवायचा, वजन म्हणून. इतके दिवस लोंबकळतोय, आज पहिल्यांदा कामाला आला.

बटणासाठी काचेखालच्या पत्र्याला डावीकडे, वरच्या अंगाला भोक पाडलं. माझा डावा हात सरळ पुढे केला की बोट तिथेच जातं. एक भोक पाडायला दोन तास गेले आणि ड्रिल तीनदा घसरलं. पण पडलं.

उद्या जोडणी.

११ फेब्रुवारी, मंगळवार

वायपर चालतो, पण घरी जात नाही.

बटण दाबलं की पट्टी झकास फिरते. बंद केलं की जिथे असेल तिथे थांबते. काचेच्या मध्यावर, डोळ्यांसमोर, बोट दाखवल्यासारखी उभी. असा वायपर घेऊन पासिंगला गेलो तर साहेब हसेल आणि परत पाठवेल. काल दिवसभर मोटर खोलून ग्रीस भरलं, आज पुन्हा खोलली. मोटरला शिव्या घातल्या. मोटर निर्दोष आहे.

रात्री जेवताना आठवलं. मोटरकडून दोन वायरी येतात. एक फिरवायची आणि एक घरी आणायची. बटण बंद केलं तरी ती दुसरी वायर करंट देत राहते, पट्टी आपल्या जागी जाऊन टेकेपर्यंत. तिला तिसरी पिन लागते. ती वायर मी टेप मारून बाजूला ठेवली होती, बिनकामाची म्हणून.

आता त्या दुकानात परत कोणत्या तोंडाने जाऊ?

१२ फेब्रुवारी, बुधवार

शकुला पाठवलं. तीन पिनचं बटण आण म्हटलं. ती म्हणाली, "आधीच तीन पिनचं का नाही घेतलं?" मी म्हटलं, दुकानदाराने चुकीचं दिलं. निघताना तिने विचारलं, "त्याला तसं सांगू का?" मी म्हटलं, जाऊ दे, गरीब माणूस आहे.

येताना रेशनकार्ड आणि जन्मदाखल्याच्या झेरॉक्स काढून आली. कशाला विचारलं तर, कसलीतरी सरकारी योजना. हल्ली बायकांना योजनाच योजना. तिच्या डाव्या तळव्याला फोड आलाय, अंगठ्याच्या मुळाशी. म्हणते, बहिणीकडे मिरच्या कुटल्या. पण शकु तर उजव्या हाताने कुटते.

जेवताना मध्येच म्हणाली, "अहो, न्यूट्रल सापडत नसेल तर काय करायचं?"

"तुला कशाला?"

"असंच. धोंडिराम भावजी बोलत होते कोणाशी तरी."

सांगितलं. क्लच पूर्ण दाबायचा, मनगट हळूच फिरवायचं, घाई केली की पुढे निघून जातं. तिने दोनदा विचारलं. फार दिवसांनी कोणीतरी मला काहीतरी विचारलं, म्हणून मी गिअरपासून चढावरच्या क्लचपर्यंत सगळंच सांगितलं. भाजी थंड झाली. ती ऐकत बसली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

जोडलं. तिसऱ्या पिनला घरी आणायची वायर. बटण बंद केलं, पट्टी अर्ध्यावर होती, थांबली नाही, शहाण्यासारखी कडेला जाऊन बसली. मी पंधरा वेळा चालू-बंद केलं. शेजारची पोरं गोळा झाली. पाऊस नाही, पाणी नाही, कोरड्या काचेवर म्हातारा वायपर चालवतोय. बघा म्हटलं, फुकट आहे.

शकु बाजारात गेली होती. मी गाडीत बसलो. माझ्या गादीवर. इंजिन चालू केलं. मग उजवा हात डाव्या हाताने उचलून मुठीवर ठेवला. बोटं वळवली, एकेक, लहान मुलाची वळवतात तशी. मग डाव्या हाताने क्लच दाबला, गिअर टाकला आणि रेस दिली.

मूठ फिरली नाही. हातच घसरून मांडीवर पडला. गाडी बंद पडली.

सायकलच्या ट्यूबने हात मुठीला बांधून बघितला. मूठ फिरते, पण मग सोडवत नाही. म्हणजे रेस देता येते, कमी करता येत नाही.

हे मी कोणाला सांगणार नाही. वहीला सांगितलं, पुरे झालं. अजून बारा दिवस आहेत.

१७ फेब्रुवारी, सोमवार

तेजल मॅडम आल्या. रबरी चेंडू दाबायला लावला. म्हणाल्या, सुधारणा आहे. किती, विचारलं. म्हणाल्या, कप धरता येईल लवकरच. मी म्हटलं, मॅडम, मला कप नको, मूठ पाहिजे, २७ तारखेपर्यंत. त्या म्हणाल्या, "काका, शरीराला तारीख नसते." मी म्हटलं, आरटीओला असते.

त्या गेल्यावर चेंडू भिंतीवर मारला. डाव्या हाताने. परत आला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आजचं अक्षर नेहमीपेक्षाही वाईट आहे.

कपाटात मोजे शोधत होतो. शकुच्या साड्यांखाली नवा शर्ट सापडला. खाकी.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. परमिट ज्याच्या नावावर, तो पांढरा शर्ट घालतो. दुसऱ्याची गाडी चालवतो, तो खाकी. तेवीस वर्षांत माझ्या घरात खाकी कापड आलेलं नाही. मी सुरुवातीची दोन वर्षं खाकी घातली होती, आणि परमिट मिळालं त्या दिवशी तो शर्ट पत्र्याची पेटी पुसायला दिला. शकुनेच पुसली होती पेटी, तिला माहीत आहे.

म्हणजे गाडी शिफ्टवर देणार. मला न विचारता. मागच्या गल्लीतला हर्षद दोन महिन्यांपासून गाडी शोधतोय, परवा शकुशी नळावर बोलत होता. शर्ट त्याच्याच मापाचा, बारीक आणि आखूड. शिंपी तर आंधळाच दिसतो, बटणं उलट्या बाजूला लावलीत.

मी हे वायरिंग कोणासाठी करतोय? हर्षदसाठी? दातांनी वायरी सोलल्या त्या हर्षदने डाव्या हाताने वायपर लावावा म्हणून? मला राग आलाय. मला रडू पण आलं, ते पण लिहितो.

शर्ट होता तसा घडी करून ठेवला. माझी घडी वाकडी होते हल्ली, तिला कळेलच. कळू दे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी माझा पांढरा शर्ट काढला आणि घातला. चार बटणं लावायला अर्धा तास. शकु पार्ल्याहून आली तेव्हा मी दारात खुर्ची टाकून बसलो होतो.

म्हटलं, "हर्षदला सांग, शर्ट घेऊन जा म्हणावं. माझ्या गादीवर तो बसणार नाही. मी मेलो तरी नाही."

"कोण हर्षद?"

"सोंग करू नको. खाकी शर्ट कोणाचा?"

तिने पिशवी खाली ठेवली. आत गेली, शर्ट घेऊन आली आणि माझ्यासमोर पंजाबी ड्रेसवरून तो अंगात घातला. खालपासून वरपर्यंत बटणं लावली. शर्ट तिच्या अंगावर बरोब्बर बसला. शिंपी आंधळा नव्हता. आंधळा मी होतो.

मग तिने पर्समधून बॅज काढून माझ्या मांडीवर ठेवला. तिच्या नावाचा.

"कधीपासून?" मी विचारलं.

"शिकायचा परवाना नोव्हेंबरात काढला. आरे कॉलनीत शिकले, धोंडिराम भावजींच्या गाडीवर. पहाटे तिथे रस्ता रिकामा असतो, फक्त तबेल्यातल्या गायी. ताईचे गुडघे ठणठणीत आहेत."

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं होतं. हॉस्पिटलातून आलात त्याच आठवड्यात. तुम्ही ताट भिरकावलंत."

ताट भिरकावलं होतं. हे मी या वहीत लिहिलं नव्हतं. आता लिहितो. वरणाचा डाग भिंतीवर अजून आहे.

ती म्हणाली, "मला तुमची गादी नकोय हो. मला गाडी मरायला नकोय. पांढरा तुमचा, म्हणून तर मी खाकी शिवला."

मी दिवसभर बोललो नाही. धोंडिराम संध्याकाळी गल्लीच्या तोंडापर्यंत आला, मला बघून परत फिरला. गायी आडव्या आल्या असतील.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बोललो नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

शकु सकाळी किल्ली घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. मागितली नाही, घेतलेलीच होती. म्हणाली, "गाडी नुसती गल्लीतून फिरवून आणते. यायचं तर या. नाही तर बघा इथून."

मी इथून बघितलं.

क्लच झटक्यात सोडते. वळताना आरशात बघत नाही. पण न्यूट्रल पहिल्या झटक्यात सापडलं तिला, मनगट हळूच फिरवून. मी सांगितलं होतं तसं. धोंडिरामला हे असं शिकवता येत नाही, तो धसमुसळा आहे.

परत आल्यावर मी म्हटलं, "वायपर लाव."

तिने डावा हात पुढे केला. बटण सापडेना. ती गादीवरून उठून पुढे वाकली तेव्हा बोट लागलं, आणि तेवढ्यात उजवीकडे हँडल वळलं. गाडी उभी होती म्हणून बरं. चालती असती तर थेट शेजारच्या सोनूबाईंच्या तुळशीत गेली असती.

"लागतं की," ती म्हणाली. "वाकलं की लागतं."

मी टेप आणायला सांगितली. तिचा हात मोजला, खांद्यापासून बोटापर्यंत. मग माझा. तिचा चार बोटं आखूड आहे. एकतीस वर्षं संसार झाला, मला हे आज कळलं.

ती टेप गुंडाळत राहिली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

नवं भोक पाडलं. पहिल्यापेक्षा चार बोटं अलीकडे आणि खाली. तिला गादीवर बसवलं, डोळे मिट म्हटलं, हात टाक. जिथे बोट टेकलं तिथे खडूने खूण केली. तीनदा टाकायला लावला, तिन्ही वेळा तिथेच. पावसात काच दिसत नाही तेव्हा बटण शोधायला वेळ नसतो, हात आपोआप गेला पाहिजे. हे पंचवीस वर्षांचं ज्ञान आहे, फुकट देतोय.

आज पत्रा तिने दाबून धरला, ड्रिल मी. वायरी वाढवाव्या लागल्या. ती दोन हातांनी सोलत होती, मी दातांनी. माझी आधी झाली.

"घरी आणायची वायर कुठली?" तिने विचारलं.

"ही. हिला विसरायचं नाही कधी."

"मी नाही विसरले," ती म्हणाली. "दुकानदार विसरला होता ना?"

म्हणजे त्या दुकानदाराने तिला सगळं सांगितलंय. गरीब माणूस, पण तोंडाचा सैल.

शेवटी ती जुनं भोक बुजवायला लांबी मळू लागली. मी म्हटलं, राहू दे. म्हणाली, दिसतं वाईट. म्हटलं, राहू दे म्हटलं ना. ती बघत राहिली. मग लांबी पुन्हा कागदात गुंडाळली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सगळं लिहितो. हात दुखला तरी.

मी पांढरा शर्ट घातला. तिने खाकी. चाळीतली माणसं दारात उभी. सोनूबाई म्हणाल्या, "आता बाया रिक्षा चालवणार होय?" मी म्हटलं, "चालवणार नाही, चालवतायत. बाजूला व्हा, रिव्हर्स यायचंय."

मी मागे बसलो. माझ्याच गाडीत, पहिल्यांदा मागे. मागे बसून गाडी वेगळीच दिसते. गादीचा टाका उसवलाय, हे मला कोणीच कधी सांगितलं नव्हतं. शकुने आरशात बघून विचारलं, "मीटर टाकू का?" मी म्हटलं, आधी आरशात बाहेरचं बघ.

लिंक रोडला एक बसवाला हॉर्न मारत अंगावर आला. माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला, मागच्या पत्र्यावर. तिने दाबला तो खरा ब्रेक होता. गाडी थांबली. बसवाला काहीतरी बोलला. शकु त्याच्यापेक्षा जास्त बोलली. हे तिला धोंडिरामने नक्कीच शिकवलं.

पासिंगच्या मैदानात रांग. साहेब वहीवर टीक करत आला. हॉर्न. लाइट. ब्रेक. मग म्हणाला, "वायपर."

शकुने समोर बघतच डावा हात टाकला. पट्टी निघाली. साहेबाने बाटलीतलं पाणी काचेवर ओतलं, पट्टीने पुसलं. "बंद करा." तिने बंद केलं. पट्टी बरोब्बर मध्यावर होती. ती थांबली नाही. कडेपर्यंत गेली आणि जागेवर टेकली.

साहेब वाकून बघत म्हणाला, "बटण कंपनीचं नाही. वायरिंग कोणी केलं?"

"ह्यांनी," शकु म्हणाली आणि मागे मान केली. "एका हाताने."

साहेबाने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. मान खाली घालायचं काही कारण नव्हतं. त्याने वायर ओढून बघितली, सुटली नाही. टीक केली. मग पेनाचं टोक त्या वरच्या भोकात घातलं. "आणि हे भोक कसलं? बुजवलं नाही?"

मी उत्तर द्यायच्या आत शकु बोलली.

"ते ह्यांच्या डाव्या हाताच्या मापाचं आहे, साहेब. ह्यांचा उजवा हात आला की बटण तिथे जाणार. मी तोपर्यंत बसलेय."

मी तिला हे कधी सांगितलं नव्हतं. वहीतही लिहिलं नव्हतं.

साहेब सही करून पुढच्या गाडीकडे गेला.

येताना मी मागे बसून चेंडू दाबत होतो. उजव्या हातात. कांदिवलीपर्यंत चाळीस वेळा झाला, त्यातल्या निम्म्या वेळा डाव्या हाताने मदत केली असेल, ते मोजत नाही. ते भोक मी बुजवणार नाही. कोणी बुजवायला आलं तर त्याला आधी माझ्याशी बोलावं लागेल, आणि मग शकुशी.